अक्कांचं व्याज

अक्का भावाच्या घरी राहायला आल्या तेव्हा त्यांची गादी बोळात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी घातली गेली. मशीन फिरू लागलं की गादीही हलायची आणि दुपारच्या आडव्या झालेल्या अक्का झोपेतच कुठल्यातरी लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या दिसायच्या. भावजय म्हणाली होती, थोडी अडचण होईल वन्सं, पण आपलंच घर आहे. अक्कांना अडचण वाटली नाही. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी एका निवृत्त न्यायाधीशांच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत काढला होता. त्या खोलीत एक मोडका पंखा, रिकामे पत्र्याचे डबे आणि साहेबांना नकोशी झालेली कायद्याची पुस्तकं आधीपासून राहत होती. अक्का तिथे मागाहून आलेल्या, म्हणून त्या जपून राहिल्या.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या चिरंजीवांनी घराला कुलूप लावलं. संध्याकाळी साहेबांच्या कन्येने येऊन त्याच कडीला आणखी एक कुलूप लावलं. अक्कांची कपड्यांची पिशवी आत राहिली. ती काढायला दोन्ही किल्ल्या एकाच वेळी लागणार होत्या आणि ही भावंडं एका वेळी एका जागी येत नव्हती. अंगावरच्या कपड्यांनिशी अक्का भावाकडे आल्या, त्या अशा.

गादी मात्र फार काळ बोळात राहिली नाही. साहेबांचं मृत्युपत्र निघालं. घर चिरंजीवांना, कायद्याची पुस्तकं कन्येला, आणि ‘माझी व माझ्या घराची काळजी घेणाऱ्या बाईंना’ एक रक्कम. ती ऐकून भाऊ खुर्चीवरून उठला आणि कशासाठी उठलो ते न कळून परत बसला. पुढे असंही लिहिलं होतं की, ही रक्कम वर्षाच्या आत द्यावी. न दिल्यास त्यानंतर शेकडा सहा दराने व्याज द्यावं. रात्रीच्या जेवणाआधी गादी बैठकीच्या खोलीत आली.

खुद्द अक्कांना त्यात साहेबांचा मोठेपणा वगैरे दिसला नाही. शेवटची कित्येक वर्षं साहेबांनी त्यांना पगारच दिला नव्हता. त्या मागायला गेल्या की साहेब चष्मा काढून पुसायचे, त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि निर्णय राखून ठेवायचे. चहा, औषध, गरम पाणी वेळच्या वेळी लागायचं. निर्णयाला तेवढी वेळ नव्हती. मृत्युपत्राची बातमी ऐकल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या की, साहेबांनी निकाल दिला म्हणायचा.

त्या पैशांचं काय करायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. कोर्टाच्या रस्त्यावर एक सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या माथ्यावर एक खोली. एक खोली, एक मोरी, ओट्यासमोर खिडकी. तिथे एक निवृत्त नर्स एकटी राहत होती. तिला खोली विकून मुलीकडे जायचं होतं आणि ती मागत होती ती किंमत अक्कांच्या रकमेच्या आतबाहेरच होती. खालच्या सायकलवाल्यालाही ती खोली टायर ठेवायला हवी होती, पण नर्सचं म्हणणं होतं की, एवढी वर्षं घासूनपुसून ठेवलेल्या फरशीवर टायर नकोत. अक्कांनी जिना चढून खोली पाहिली. खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी घंटी वाजवून पाहत होतं. इथे आपण आधी आणि सामान मागाहून, असा एक साधा विचार त्यांच्या मनात आला आणि तो मनातून पुन्हा कधी गेलाच नाही.

पण निकाल मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं.

कन्येला पुस्तकं मिळाली होती. ती वाचण्याऐवजी तिने वकील गाठला. दावा असा की, मृत्युपत्र लिहिताना वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शहाणा माणूस स्वयंपाकाच्या बाईला एवढे पैसे ठेवेल का? चिरंजीवांकडेच मृत्युपत्र अमलात आणायचं काम होतं. त्यांचं म्हणणं, वडील शेवटपर्यंत शहाणे होते. बाईंच्या बाबतीत थोडे हळवे झाले, एवढंच. आता अक्कांचे पैसे द्यायचे, तर कन्या म्हणायची, दिले तर मृत्युपत्र खरं मानल्यासारखं होईल. चिरंजीव म्हणायचे, मृत्युपत्र खरंच आहे, पण ती मानत नाही तोवर मला देता येत नाहीत. बाकी सगळ्या मुद्द्यांवर भावंडांचं हाडवैर होतं. या एका मुद्द्यावर त्यांचं कधी वाजलं नाही.

दोघांच्या वकिलांचा खर्च साहेबांच्या ठेवींतून व्हावा, असं कोर्टाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यामुळे दोन्हीकडे हात सैल सुटला. चिरंजीवांना वाटायचं, हा खर्च बहिणीच्या संभाव्य वाट्यातून चालला आहे. बहिणीला वाटायचं, भावाच्या. एकाने मोठा वकील केला की दुसरीने त्याहून मोठा केला. साहेबांनी नोकरीभर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. आता ते दोन्ही बाजूंची फी भरत होते.

वर्ष उलटलं आणि व्याज सुरू झालं. त्या दिवशी भावाने ऑफिसातून येताना केक आणला. कापायला अक्कांनाच लावलं. त्यांना कळेना की वाढदिवस कुणाचा, तेव्हा भाऊ म्हणाला, “अक्का, आजपासून तू झोपलेली असलीस तरी पैसे वाढतायत.” अक्कांनी सुरी पुसून ठेवली आणि विचारलं की मग देणार कधी? भावाने तो प्रश्न फारसा मनावर घेतला नाही.

तेव्हापासून घराची रीतच बदलली. गादीची खाट झाली, खाट खिडकीशी गेली. चहात साखर विचारून पडू लागली. ऑफिसातून आल्यावर भाऊ बूट काढायच्या आधी मोबाइलवर आकडेमोड करायचा आणि आज किती झालं ते जाहीर करायचा, जसं दुसऱ्या घरात क्रिकेटचा स्कोअर सांगतात. अक्कांना साधी शिंक आली तरी भावजय गरम पाणी घेऊन यायची. व्याज चालू असताना अक्कांना काही होणं परवडण्यासारखं नव्हतं. भाच्याने नोकरी शोधायचं सोडून दिलं. त्याला जिम काढायची होती, आणि कोणती यंत्रं कुठे ठेवायची याचा नकाशा त्याने आत्याला इतक्यांदा समजावून सांगितला होता की, अक्कांना त्यातले आरसेसुद्धा पाठ झाले. मग दोन दारांचा फ्रिज आला, हप्त्यांवर. त्याच्यामागून सोफा आला, तोही हप्त्यांवर. वन्संच्या व्याजातून सहज फिटेल, असं भावजय शेजारणीला सांगत होती. व्याज शेकडा सहा होतं आणि हप्ते शेकडा चौदाने, पण इतक्या आनंदाच्या घरात तेवढा फरक कोण काढत बसणार?

खोलीचा विषय अक्कांनी दोनतीनदा काढून पाहिला. त्यावर भावजयीचा चेहरा उतरायचा. आमच्याकडे काय कमी आहे, असं ती विचारायची आणि खाटेवरची चादर बदलायची.

अक्का तारखांना जायच्या. त्यांचा वकील तरतरीत होता. फीचं निकालानंतर पाहू, असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. ते ऐकून अक्कांना भरून आलं होतं. साहेबांकडे एवढी वर्षं राहून हे वाक्य त्यांना ओळखता यायला हवं होतं, पण माणूस आपल्या बाबतीत आशेवर असतो. तारीख पडली की परतताना त्या नर्सकडे जिना चढून जायच्या. दोघी खिडकीशी बसायच्या. नर्स कधी म्हणायची नाही की घाई करा. फक्त मुलीकडची पत्रं दाखवायची. नातवंडं दरवेळी मोठी झालेली असायची.

मग एकदा अक्कांची साक्ष निघाली. कन्येच्या वकिलांनी मुद्दाम मागितली होती. वडिलांचं डोकं फिरलं होतं हे बाईंच्याच तोंडून वदवायचं, म्हणजे बाई स्वतःच्याच पैशांवर पाय देणार, असा त्यांचा बेत होता. अक्का पिंजऱ्यात चढल्या. त्यांना विचारलं गेलं की, साहेब दिवसभर काय करायचे?

अक्कांनी खरं तेच सांगितलं. पेपर वाचायचे. पेपरातल्या गुन्हेगारांना शिक्षा सुनवायचे. दुधात पाणी निघालं की दूधवाल्याला उभं करून त्याची बाजू मांडायला सांगायचे. एकदा मांजराने मासळीचं ताट पालथं केलं, तर मांजराला संशयाचा फायदा देऊन सोडलं होतं. कोर्टात हशा पिकला. कन्येच्या वकिलांनी तो पुरता पिकू दिला आणि मग हळूच विचारलं, “म्हणजे बाई, साहेबांना काही आठवत नसायचं, बरोबर?”

“नाही हो,” अक्का म्हणाल्या, “माझा पगार सोडून सगळं आठवायचं.”

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. चिरंजीवांचे वकील खूश झाले, कारण माणूस शहाणा ठरला. कन्येचे वकीलही खूश झाले, कारण मांजर कागदावर आलं. दोघांनीही पुढची तारीख मागितली.

असं पाच वर्षं चाललं. शेवटी थकलं ते कुणी माणूस नव्हे, साहेबांच्या ठेवी थकल्या. बँकेतल्या आकड्याने मान टाकायला सुरुवात केल्यावर भावंडांना अचानक दिसलं की, खर्च वजा झाल्यावर अक्कांची रक्कम, वर दिवसेंदिवस फुगणारं व्याज, आणि त्यानंतर उरेल ते आपलं. उरणार होती बहुधा पुस्तकंच. तेव्हा दोघं पाच वर्षांत पहिल्यांदा एका बाकावर बसली, मध्ये वकिलांच्या बॅगा ठेवून. ठरलं की, आधी हे व्याज थांबवायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात चिरंजीव स्वतः अक्कांपाशी आले. बाई, मुद्दल लगेच देतो, व्याजाचं सोडून द्या आणि सही करा, असं म्हणाले. वर म्हणाले की, आणखी वर्षभर असंच चाललं तर मुद्दलालाही काही उरणार नाही, आणि हे मी धमकी म्हणून सांगत नाही. खरंच ती धमकी नव्हती. त्यांचा आवाज रडवेला होता.

त्याच आठवड्यात नर्सने सांगितलं की, पुढच्या महिनाअखेर ती जाणार. मुलगी न्यायला येतेय. तोवर जमलं तर खोली अक्कांची. नाहीतर काय, फरशीवर टायर.

अक्कांनी घरी सांगितलं तेव्हा सगळे जेवत होते. भावाचा घास हातातच राहिला.

“सही केलीस?”

“अजून नाही.”

“करू नकोस,” भाऊ म्हणाला. “अक्का, मुद्दलाचं काय एवढं? मुद्दल कुठे पळून जात नाही. आपण खरं कमावलंय ते व्याज. पाच वर्षं आम्ही सगळ्यांनी कळ काढलीय.”

“तुम्ही काय कळ काढली?” अक्कांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

भावजयीने फ्रिजकडे पाहिलं. हप्ते कोण भरतंय, असं ती म्हणाली नाही. तिने फक्त उठून फ्रिजचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. भाचा म्हणाला, “आत्या, तू व्याजावर पाणी सोडलंस तर माझी जिम गेली समज.” मग भाऊ पुन्हा समजावू लागला. हा हक्काचा प्रश्न आहे. आज सोडलं तर लोक काय म्हणतील. कोर्टात जायचं तर दम लागतो, आणि तुझ्यात तो नसेल तर माझ्यात आहे, तू काळजी करू नकोस, मी लढतो. वकिलाला फोन लावला. तोही म्हणाला की, व्याज सोडणं हा आत्मघात आहे, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की फोन लांब धरूनही सगळ्यांना ऐकू आलं.

अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली की, म्हणजे तुम्हाला सगळ्यांना व्याजच हवंय ना? भाऊ म्हणाला, अर्थात. भावजय म्हणाली, तुमच्यासाठीच हो वन्सं. मग अक्कांनी ताटं उचलली.

तारखेला घरचे सगळे हजर होते. अक्कांच्या मनात काही येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना मधे घेऊन आले होते. तडजोडीचा कागद न्यायाधीशबाईंपुढे गेला. त्यांनी चष्म्यावरून अक्कांकडे पाहिलं.

“बाई, तुम्हाला हे मान्य आहे?”

“मुद्दल मान्य आहे,” अक्का म्हणाल्या.

“आणि व्याज सोडता?”

“सोडत नाही. ते माझ्या भावाला द्या. तो मागे बसलाय, निळ्या शर्टातला. घरी सगळ्यांना व्याजाची फार आवड आहे.”

न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे झालेलं व्याज मागायचा हक्क तुम्ही भावाच्या नावे करून देता?”

“हो. मागायचं, थांबायचं, तारखांना यायचं, सगळं.”

वकील उठून काही बोलणार होता. मग त्याच्या लक्षात आलं की, एका अशिलाचे दोन अशील होतायत, तेव्हा तो पुन्हा बसला. चिरंजीव आणि कन्या यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दल दिलं की मीटर इथेच बंद पडणार होतं. झालेल्या व्याजावर तर त्यांना या नव्या माणसाशी मनसोक्त भांडता येणार होतं, आणि तेही दोघांना मिळून. त्यांनी लगेच होकार दिला. निळ्या शर्टातला भाऊ उभा राहिला. कोर्टाने विचारलं, घेता का? नाही म्हणायला त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. पाच वर्षांत जमवलेले सगळे शब्द व्याजाच्या बाजूचे होते. त्याने सही केली. घरी परतताना तो हळूहळू खुलला, आणि बसमधून उतरेपर्यंत मोबाइल काढून आकडा पाहू लागला.

अक्कांच्या हातात मात्र पूर्ण मुद्दल आलं नाही. निकालानंतर पाहू म्हटलेली फी वकिलाने पाहिली. टायपिंग, नकला, शिक्के, जाणं-येणं, न आलेल्या साक्षीदाराचा चहा, असं सगळं कापून उरलं त्यात खोलीची चौथी भिंत काही बसत नव्हती. महिनाअखेर चार दिवसांवर होती. अक्का खिडकीशी बसून राहिल्या, नर्सही त्यांच्यासमोर बसून राहिली. किंमत आणखी उतरवणं तिला शक्य नव्हतं. मुलीला शब्द दिला होता. मग अक्का जिना उतरून खाली सायकलवाल्याकडे गेल्या आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत उभ्या राहिल्या. तो चाकातली तार ताणता ताणता ऐकत होता. शेवटी त्याने हात पुसले आणि दोघं वर आली.

इकडे भावाचे दिवस नव्या वळणाला लागले. तारखेला रजा टाकायची, रजेचा पगार कापला जायचा, वकिलाला दर तारखेची फी द्यायची. हा वकील आता निकालापर्यंत थांबायला तयार नव्हता. जुन्या अशिलापायी पाच वर्षं थांबून त्यालाही धडा मिळाला असावा. व्याज आता वाढत नव्हतं, हप्ते वाढत होते. चिरंजीव आणि कन्या मात्र एका गाडीतून कोर्टात येऊ लागली. दोन्ही कुलपं निघाली. अक्कांची कपड्यांची पिशवी चिरंजीवांच्या ड्रायव्हरने आणून दिली. त्यातला कुठलाही कपडा आता त्यांच्या अंगाला बसत नव्हता. साहेबांच्या मृत्युपत्राने जी मुलं तोडली होती ती व्याजाने जोडली. एवढं पुण्य भावाच्या खाती नक्की जमा झालं.

अक्का खोलीत राहायला गेल्यावर महिनाभर घरचं कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी भावजय आणि भाचा आले. भावजयीने येतायेता केळी आणली होती. तिने मोरी पाहिली, ओटा पाहिला, खिडकीतून वाकून रस्ता पाहिला. भाचा न सांगताच गळक्या नळाशी खटपट करू लागला, आणि आत्याने एकटीने जिना चढू नये, जड काही असलं की मला फोन करावा, असं दोनदा म्हणाला. अक्कांनी चहा टाकला.

“जागा मोक्याची आहे हो वन्सं,” भावजय म्हणाली. “कोर्टाच्या रस्त्यावर म्हणजे उद्या सोनं होईल. कागद तुमच्याच नावाचे ना?”

“माझ्याच.”

“ते झालं. पण पुढचं काही लिहून ठेवलंय का? सहज विचारते. साहेबांच्या घरी काय झालं ते आपण पाहिलंच. नंतर कुणाची भांडणं नकोत.”

“लिहिलंय ना,” अक्का म्हणाल्या. “लिहिल्याशिवाय खोली मिळतच नव्हती.”

नळाशी चाललेली खटपट थांबली.

“पैसे कमी पडत होते. खालच्या सायकलवाल्याने घातले,” अक्कांनी कप पुढे केले. “मी आहे तोवर मी राहायचं. माझ्यानंतर इथे टायर येणार आहेत. साखर बघ गं, कमी असेल.”

भावजयीने चहा प्यायला. साखर बरोबर होती, असं ती म्हणाली. निघताना केळ्यांची पिशवी तिच्या हातात तशीच राहिली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिच्या लक्षात आलं, पण ती परत वर आली नाही. खाली दुकानाच्या दारात सायकलवाला चाकात हवा भरत होता. अक्कांच्या घरची माणसं ओळखून त्याने अदबीने वाट दिली, आणि अक्कांची तब्येत आता बरीच सुधारली आहे, असं त्याने आपणहून, काहीशा काळजीच्या सुरात सांगितलं.